गिरणी वाचवायची की गाव?

भारताची राज्यघटना अमलात येण्यास सतरा दिवस उरले असताना, ९ जानेवारी १९५० रोजी, केंद्र सरकारने एका गिरणीसाठी वटहुकूम काढला. ही गिरणी सोलापूरची. कागदोपत्री तिचे नाव 'शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी', पण सोलापूरकरांच्या तोंडी ती 'जुनी गिरणी'. ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनाने तिला टाळे लावले. गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांमुळे एका जीवनावश्यक वस्तूचे उत्पादन खालावले आहे आणि मोठी बेकारी ओढवली आहे, असे कारण देऊन सरकारने तिचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांकडे दिला. काही महिन्यांत वटहुकुमाची जागा कायद्याने घेतली. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. तीन वर्षांनी, डिसेंबर १९५३ मध्ये, त्याच कायद्याविरुद्धच्या दुसऱ्या एका दाव्यात न्यायालयाने तो मोबदल्याविना मालमत्ता हिरावणारा म्हणून घटनाबाह्य ठरवला. हा निकाल १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागील कारणांपैकी एक होता. एखाद्या मालमत्तेचे व्यवस्थापन मर्यादित काळासाठी हाती घेण्याचा शासनाचा अधिकार त्या दुरुस्तीने संरक्षित केला.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा इतिहास ठाऊक असतो, तो मालमत्तेच्या हक्काच्या प्रकरणात. पण तो एका शहराचाही इतिहास आहे, आणि त्या बाजूने तो क्वचितच वाचला जातो. एका गिरणीसाठी प्रजासत्ताकाने वटहुकूम काढला, कायदा केला आणि तो न्यायालयात लढवला. तरी १९६० च्या दशकात ती गिरणी कायमची थांबलीच. त्यानंतर सोलापूरच्या इतर गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. काही खासगी मालकीत बंद पडल्या, तर नरसिंग गिरजीसारखी गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात जाऊनही वाचली नाही. या पंचाहत्तर वर्षांत गिरण्या वाचवण्याचे प्रयत्न अनेकदा झाले. गिरण्यांवर उभे असलेले शहर वाचवण्याचा प्रयत्न मात्र त्या गांभीर्याने कधीच झाला नाही.

हा फरक शब्दांचा नाही. आपल्या कायदेव्यवस्थेत 'आजारी उद्योग' ही संकल्पना पक्की रुजलेली आहे. १९५१ चा उद्योग विकास व नियमन कायदा, १९७४ चे आजारी वस्त्रोद्योगांचे राष्ट्रीयीकरण, १९८५ चा आजारी कंपन्यांचा कायदा आणि त्याखाली आलेले पुनर्रचना मंडळ, आणि २०१६ ची दिवाळखोरी संहिता ही सगळी साखळी कंपनीला केंद्रस्थानी ठेवते. दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीची मालमत्ता विकली की कोणाला आधी पैसे मिळायचे, याची उतरंड संहितेने ठरवून दिली आहे. कामगारांची चोवीस महिन्यांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने येतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या शहराने त्या कारखान्याला पाणी, रस्ते, चाळी, शाळा आणि चार पिढ्यांचे कौशल्य पुरवले, त्याला या उतरंडीत शहर म्हणून जागा नाही. थकीत कर मागणारा एक धनको एवढीच महापालिकेची ओळख. 'आजारी शहर' नावाची गोष्ट आपल्या कायद्याला माहीत नाही, म्हणून तिच्यावर उपचार करण्याची जबाबदारीही कोणाकडे नाही.

मी राहतो ते कोवलम चेन्नईच्या दक्षिणेला, चेंगलपट्टू जिल्ह्यात किनाऱ्यावर आहे. आज ते ओळखले जाते कोळीवाड्यासाठी, लाटांवरच्या खेळासाठी आणि २०२१ मध्ये निळा ध्वज मिळालेल्या स्वच्छ पुळणीसाठी. अठराव्या शतकात मात्र हे बंदर होते. ऑस्टेंडच्या व्यापाऱ्यांनी इथे वखार घातली, कर्नाटकाच्या नवाबाने किल्ला बांधला, १७५० मध्ये तो फ्रेंचांनी घेतला आणि १७५२ मध्ये क्लाइव्हने जिंकून सुरुंगाने उडवला. पुढे व्यापार उत्तरेला मद्रासकडे एकवटला. किल्ल्याच्या जागी आज पंचतारांकित हॉटेल आहे. गाव टिकले, पण व्यापारावर जगणारे बंदर म्हणून ते पुन्हा उभे राहिले नाही. ते राहिले ते समुद्र आणि मासेमारी यांच्या आधारावर. शहरांच्या ऱ्हासाचा हा सर्वांत जुना प्रकार: सत्तेने आणि व्यापाराने वाट बदलली की मागे उरते ते मुळात तिथे असलेले.

याच जिल्ह्यात, किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, मरैमलै नगर आहे. शुद्ध तमिळचे पुरस्कर्ते मरैमलै अडिगळ यांच्या नावाने वसवलेले हे नियोजित उपनगर गेल्या पाव शतकात एका मोटारनिर्मात्या कंपनीच्या नावाने ओळखले गेले. फोर्डचा कारखाना तिथे १९९९ मध्ये सुरू झाला. ९ सप्टेंबर २०२१ रोजी कंपनीने भारतातील मोटारनिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. मागील दहा वर्षांतला दोन अब्ज डॉलरहून अधिक तोटा हे त्यामागचे कारण. साणंद आणि मरैमलै नगर मिळून सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांवर त्याचा परिणाम होणार होता. २०२२ च्या जुलैमध्ये मरैमलै नगरातून शेवटची गाडी बाहेर पडली. साणंदचा कारखाना टाटा मोटर्सने सुमारे ७२६ कोटी रुपयांना घेतला. मरैमलै नगरचा मात्र विकला गेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये फोर्डने तमिळनाडू सरकारशी नवा करार केला. त्यानुसार ३,२५० कोटी रुपयांची गुंतवणूक होईल, २०२९ पासून वर्षाला दोन लाख पस्तीस हजार इंजिने तयार होतील आणि सुमारे सहाशे जणांना काम मिळेल.

या बातमीचे स्वागत झाले आणि व्हायलाच हवे होते. पण आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जिथे अडीच हजारांच्या आसपास माणसे काम करत होती, तिथे सहाशे येणार आहेत, आणि तीही बंद पडल्यानंतर सात वर्षांनी. २०२२ मध्ये पस्तिशीत असलेला जोडारी २०२९ मध्ये बेचाळीस वर्षांचा असेल. मधली सात वर्षे त्याने जे केले असेल, त्यावरच त्याच्या घराचे भवितव्य ठरलेले असेल. कारखाना परत आला म्हणजे काम परत आले असे नव्हे, आणि काम परत आले म्हणजे गेलेली माणसे परत आली असेही नव्हे.

तरीही मरैमलै नगर कोसळले नाही. एका कंपनीच्या सद्भावनेचे हे फळ नव्हे. इरुंगाट्टुकोट्टैला ह्युंदाई, ओरगडमला रेनो-निस्सान, महिंद्रा वर्ल्ड सिटीत बीएमडब्ल्यू, आणि या सर्वांना सुटे भाग पुरवणारे कारखाने त्याच पट्ट्यात होते. फोर्डचा पुरवठादार दुसऱ्याचाही पुरवठादार होता. एका दारावर कुलूप लागले, तरी त्याला ठोठावायला आणखी चार दारे होती. श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना नोव्हेंबर २०१४ मध्ये करवादाच्या सावटाखाली बंद झाला, तेव्हा हजारो तरुण कामगार, त्यांत बहुसंख्य मुली, एका फटक्यात घरी गेल्या. पुढे तीच जागा दुसऱ्या कंपनीने घेतली आणि त्या पट्ट्यात आज इलेक्ट्रॉनिक वस्तू पूर्वीपेक्षा मोठ्या प्रमाणावर बनतात. महाराष्ट्रातला याचा जोडीदार म्हणजे तळेगाव. जनरल मोटर्सने तिथले उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबवले आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. जमीन, इमारती आणि यंत्रे यांचे हस्तांतर झाले. जुन्या कामगारांचा प्रश्न मात्र न्यायालयांत आणि उपोषणांत अडकला. चाकण-तळेगाव पट्टा मात्र थांबला नाही, कारण तोही एका कंपनीवर उभा नव्हता.

या उदाहरणांतून एक नियम काढता येतो. एक कारखाना बंद पडल्याने औद्योगिक शहर मरत नाही. त्या कारखान्याभोवतीचे जाळे विरळ असेल, म्हणजे दुसरा खरीदार, दुसरा पुरवठादार, दुसरे कौशल्य, पाणी आणि पत या गोष्टी आधीच तोकड्या असतील, तरच ते मरते. सोलापूरचे दुखणे इथे आहे.

सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. १८७१ मध्ये हाच लोहमार्ग रायचूरला मद्रासच्या मार्गाशी जुळला, आणि मुंबई व मद्रास यांच्यामधले सोलापूर हे कापूस, सूत आणि कापड यांचे ठाणे झाले. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतले शेतकरी, कानडी आणि उर्दू बोलणारे कारागीर यांनी हे शहर घडवले. १९३० मध्ये या कामगारांच्या शहराने इंग्रजी सत्तेला असे आव्हान दिले की तिथे लष्करी कायदा पुकारावा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी देण्यात आले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही चार नावे शेजारी ठेवली तरी हे शहर कोणाकोणाचे होते ते कळते.

गिरण्या मंदावल्या तेव्हा यंत्रमाग आले. गिरणीत शिकलेला हात घराच्या पुढच्या खोलीत मागावर बसला. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल देशभर गेले, आणि दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. पण हे मानांकन नाव राखते, बाजारपेठ राखत नाही. 'सोलापुरी' म्हणून विकली जाणारी चादर पानिपतची असते ही तक्रार जुनी आहे. शिवाय कृत्रिम धाग्याची हलकी, स्वस्त पांघरुणे आली आणि सुताच्या जड चादरीचे गिऱ्हाईक आटले. मागमालकाजवळ नवे स्वयंचलित माग घेण्याएवढे भांडवल नाही, बँकेकडे ठेवायला तारण नाही, आणि मुलगा या धंद्यात येईल याची खात्री नाही. जो मुलगा शिकला, तो पुण्याला किंवा हैदराबादला गेला. २००१ ते २०११ या दशकात देशाची नागरी लोकसंख्या सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, पुणे शहराची २३ टक्क्यांनी. सोलापूर ८ लाख ७२ हजारांवरून ९ लाख ५१ हजारांवर गेले, म्हणजे जेमतेम ९ टक्के. शहर ओस पडलेले नाही. ते आपल्या नैसर्गिक वाढीइतकी माणसेही ठेवून घेऊ शकत नाही, एवढाच याचा अर्थ आणि तो पुरेसा गंभीर आहे.

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण मृत्युमुखी पडले. मृतांत कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरातली माणसे होती आणि कामगार होते. मालक आणि मजूर एकाच आवारात राहत होते आणि एकाच आगीत गेले. ऱ्हासाच्या चर्चेत ही घटना अपघात म्हणून बाजूला काढता येणार नाही. ज्या धंद्यात नफ्याची कड पातळ होत जाते, तिथे राहते घर आणि कामाची जागा यांतले अंतर पुसले जाते, माल कोंबून ठेवला जातो, आणि सुटकेचा रस्ता व विजेची तार यांवरचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला जातो. औद्योगिक शहराचे दारिद्र्य असे माणसांच्या जिवावर उठते.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. अर्थशास्त्रज्ञ विचारतात: जागा कशाला वाचवायची, माणसे वाचवा. सोलापूरच्या तरुणाला पुण्यात चांगला रोजगार मिळत असेल तर त्याला तिथे जाऊ द्या, आणि मरणाऱ्या शहरावर ओतायचा पैसा वाढणाऱ्या शहरातल्या घरांवर खर्च करा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या युक्तिवादाचे आकर्षण समजते. शहरे उगवतात आणि मावळतात. कोवलमच्या बंदराला जिवंत ठेवण्यासाठी मद्रासवर कर बसवणे शहाणपणाचे ठरले नसते.

पण हा युक्तिवाद गृहीत धरतो की सगळी माणसे सारख्याच सहजतेने हलू शकतात. सोलापुरात हजारो स्त्रिया आजही विड्या वळतात. त्यांच्यासाठी आणि इतर श्रमिकांसाठी, त्यांच्या संघटनांच्या दीर्घ लढ्यातून, कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. दहा हजार घरांची ही वसाहत २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते लोकार्पण झाली. तिच्यामागोमाग तीस हजार घरांचे रे नगर आले, आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आल्या. दोन वेगळ्या पक्षांच्या सरकारांनी एकाच शहरातल्या श्रमिकांना छप्पर दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. आता या कुटुंबांना 'पुण्याला जा' असे सांगायचे का? आयुष्यभराची बचत आणि सरकारचे अनुदान ज्या घरात गेले ते घर पाठीवर घेऊन जाता येत नाही. शहर सोडून जातो तो शिकलेला, अविवाहित, निरोगी तरुण. मागे राहतात त्याची आई, तिची विडी आणि तिचे नवे घर. जागा सोडून माणसे वाचवण्याचे धोरण प्रत्यक्षात सर्वांत सशक्त माणसांनाच वाचवते. शिवाय सार्वजनिक पैशाने सोलापुरात घरे आधीच बांधली आहेत. घराजवळ काम नसेल तर त्या घरांचे मोल निम्मे होते.

तेव्हा प्रश्न उरतो तो कसे याचा. त्यासाठी तमिळनाडूतल्याच तिरुपूरचा अनुभव पाहण्यासारखा आहे. हे विणलेल्या होजिअरी कपड्यांचे शहर. तिथल्या रंगकाम कारखान्यांनी नोय्यल नदी नासवली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाणी शून्यावर येईपर्यंत रंगकामाचे कारखाने बंद ठेवण्याचा आदेश दिला. शहर संपले, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण कारखानदारांनी सामाईक प्रक्रिया केंद्रे उभी केली, राज्य सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, आणि पाण्याचा पुनर्वापर धंद्याच्या खर्चाचा नेहमीचा भाग झाला. उद्योगासाठी आणि शहरासाठी लांबून पाणी आणणारी स्वतंत्र योजना त्याआधीच कार्यान्वित झाली होती. आज तिरुपूरची निर्यात वर्षाला चाळीस हजार कोटी रुपयांच्या आसपास आहे. परदेशी आयातशुल्काचे धक्के तिलाही बसतात आणि तिथल्या मजुरांचे प्रश्न सुटलेले नाहीत. तरीही धडा स्पष्ट आहे. एकट्या कारखानदाराला न परवडणाऱ्या गोष्टी, म्हणजे पाणी, सांडपाणी, चाचणी आणि बाजाराची माहिती, सामाईक झाल्या की छोटा कारखानाही टिकतो. सोलापुरात याउलट स्थिती आहे. उजनीसारखे अवाढव्य धरण ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात नळाला दिवसाआड नव्हे, चार-पाच दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव वर्षानुवर्षांचा आहे, आणि समांतर जलवाहिनीचे काम त्याहून अधिक काळ रेंगाळले.

परदेशात पाहायचे तर डेट्रॉइटपेक्षा बिल्बाओकडे पाहावे. डेट्रॉइटची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेले शहर २०१० पर्यंत सात लाखांवर आले आणि २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. स्पेनमधले बिल्बाओ पोलाद आणि जहाजबांधणीचे शहर. तिथेही कारखाने बंद पडले. मात्र त्याचा उल्लेख निघाला की सगळे १९९७ मध्ये उघडलेल्या गुगेनहाइम संग्रहालयाची आठवण काढतात, आणि आपल्याकडचे मंत्री तशीच एखादी देखणी इमारत मागू लागतात. संग्रहालय शेवटी आले. त्याआधी नदीमुखाच्या शुद्धीकरणाचा दीर्घ कार्यक्रम सुरू झाला होता, १९९५ मध्ये मेट्रो धावू लागली होती, आणि १९९२ मध्ये केंद्र सरकार व बास्क प्रांतातील शासनसंस्था यांची सामाईक संस्था स्थापन झाली होती. बंद उद्योगांच्या सार्वजनिक जमिनी तिच्याकडे आल्या. त्या विकून आलेला पैसा तिने शहराबाहेर जाऊ न देता शहरातच गुंतवला.

जमिनीच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव नेमका उलटा आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या नियमावलीने एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश घरे आणि एक तृतीयांश मालक अशी वाटणी ठरवली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. गिरणगावात आज उंच इमारती आहेत, पण गिरणगाव नाही. सोलापूरच्या जमिनीला मुंबईचा भाव नाही. एका अर्थी हे सुदैव आहे, कारण निर्णयाला अजून वेळ आहे.

या निर्णयाचा पहिला भाग संस्थेचा आहे. सोलापूरसाठी केंद्र, राज्य आणि महापालिका यांची सामाईक, कायद्याने जबाबदार अशी पुनरुत्थान संस्था हवी. बंद उद्योगांच्या सार्वजनिक जमिनी तिच्याकडे याव्यात आणि त्यांतून येणारा प्रत्येक रुपया शहरात खर्च व्हावा. जानेवारी २०१६ मध्ये 'स्मार्ट सिटी'च्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर निवडले गेले आणि त्यासाठी स्वतंत्र कंपनीही आली. म्हणजे अशी संस्था उभारणे अशक्य नाही. फरक उद्दिष्टाचा आहे. त्या कंपनीचे यश किती कामे पूर्ण झाली यावर मोजले गेले. नव्या संस्थेचे यश किती रोजगार टिकले आणि किती नव्याने आले यावर मोजले जावे. या संस्थेत लोकप्रतिनिधींचा आवाज असणे अनिवार्य आहे. मार्च २०२२ नंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ सोलापूर महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. चेन्नईनेही २०१६ ते २०२२ असाच काळ काढला. प्रशासकाच्या हेतूवर शंका न घेताही म्हणता येते की बदलीवर आलेला अधिकारी वीस वर्षांचा आराखडा राबवू शकत नाही. मी स्वतः त्या सेवेत होतो म्हणून हे ठामपणे लिहितो.

दुसरा भाग पैशाचा. जकात गेली, ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी स्थानिक संस्था कर गेला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. महापालिकांचे स्वतःच्या पायावरचे उत्पन्न आटले आणि त्या राज्याच्या अनुदानावर आल्या. ज्या शहराचा उद्योग घटत आहे त्याचा मालमत्ता करही वाढत नाही. म्हणजे ज्याला सर्वांत अधिक खर्च करायची गरज, त्याच्याच हाती सर्वांत कमी पैसा. वित्त आयोगांनी अशा शहरांसाठी वेगळा निकष ठेवला पाहिजे. लोकसंख्येवर अनुदान वाटले की वाढणाऱ्या शहरांना अधिक मिळते आणि थांबलेली शहरे आणखी मागे पडतात.

तिसरा भाग कामाचा आणि माणसांचा. सोलापुरात अलीकडच्या वर्षांत शिवणकाम, विशेषतः गणवेश तयार करण्याचा धंदा मूळ धरू लागला आहे. त्याला शाळा, रुग्णालये, रेल्वे आणि पोलीस यांच्या सार्वजनिक खरेदीचा भरवशाचा आधार मिळू शकतो. विडी वळणाऱ्या स्त्रीला शिवणकाम शिकवायचे, तर शिकण्याच्या काळातली मजुरी तिला दिली पाहिजे. फुकट प्रशिक्षणासाठी तिला रोजची कमाई सोडणे परवडत नाही. बहुतेक प्रशिक्षण योजना इथेच फसतात. यंत्रमागाच्या वसाहतीत राहते घर आणि कारखाना वेगळे करण्यासाठी सामाईक, आग-सुरक्षित गाळे बांधावेत आणि ते भाडेतत्त्वावर द्यावेत. नुसत्या नोटिसा काढल्याने छोटा मालक सुरक्षित होत नाही. त्याचा कारखाना तेवढा बंद होतो.

चौथा भाग सीमांचा आहे, प्रशासकीय आणि मानसिक अशा दोन्ही. केंद्राच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्यानांपैकी महाराष्ट्राचे अमरावतीला आणि कर्नाटकाचे कलबुर्गीला झाले. कलबुर्गी हे सोलापूरच्या शेजारचे शहर, पण दुसऱ्या राज्यात. आज दोन्ही राज्ये त्याकडे स्पर्धा म्हणून पाहतील. सोलापूरचे कुशल विणकर आणि कलबुर्गीची नवी उद्यानसुविधा एकमेकांना पूरक ठरू शकतात हे मात्र मुंबईत वा बेंगळुरूत कोणी म्हणणार नाही, कारण दोघांनाही गुंतवणुकीचा आकडा आपल्या राज्याच्या नावावर हवा असतो. सुरत–चेन्नई महामार्गाच्या आखणीत नाशिक, सोलापूर आणि अक्कलकोट आहेत. विमानसेवाही प्रदीर्घ प्रतीक्षेनंतर जून २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्या आड येणारी सहकारी साखर कारखान्याची चिमणी दोन वर्षांपूर्वी पाडावी लागली होती, आणि त्या वादात ऊस उत्पादकाची व्यथा आणि शहराची निकड या दोन्ही खऱ्या होत्या. रस्ते आणि विमाने आवश्यकच आहेत. पण रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो. शहरात काम नसेल तर जलद रस्ता तरुणांना अधिक जलद बाहेर नेतो. म्हणून रस्त्याआधी, किमान त्याच्या बरोबरीने, पाणी, गाळे आणि कौशल्य यांची तयारी झाली पाहिजे.

यातली कोणतीही गोष्ट एका अर्थसंकल्पात होणारी नाही, आणि एकीचीही कोनशिला फारशी छायाचित्रणीय नाही. बिल्बाओला दीड-दोन दशके लागली. मरैमलै नगरला एका कारखान्यासाठी सात वर्षे लागत आहेत, तेही देशातल्या सर्वांत दाट मोटार-उद्योग पट्ट्यात. सोलापूरला त्याहून अधिक काळ लागेल हे प्रामाणिकपणे सांगणारा नेता हवा. दरवर्षी एका मोठ्या प्रकल्पाचे आश्वासन देऊन शहराची आशा जागती ठेवणे सोपे असते. पण फसलेले प्रत्येक आश्वासन आणखी काही तरुणांना पुण्याच्या गाडीत बसवते.

१९५० मध्ये प्रजासत्ताकाने जुन्या गिरणीसाठी वटहुकूम काढला तेव्हा त्याच्या हेतूत बेकारीची चिंता होती, म्हणजे माणसांची चिंता होती. हेतू योग्य होता, साधन अपुरे होते. आपण कंपनीचा ताबा घेतला आणि शहर तिच्यामागे आपोआप सावरेल असे मानले. ते सावरले नाही. पंचाहत्तर वर्षांनी तीच चिंता अधिक योग्य साधनाने हाती घेण्याची वेळ आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी यांच्याही दारात हा प्रश्न कमीअधिक प्रमाणात उभा आहे, आणि सोलापुरात जे ठरेल ते त्यांच्यासाठी पायंडा होईल. 'आजारी शहर' ही संज्ञा महाराष्ट्राने आपल्या कायद्यात प्रथम आणावी. तिची व्याख्या करावी, तिची जबाबदारी एका संस्थेवर टाकावी आणि त्या संस्थेने दरवर्षी विधिमंडळाला किती माणसे कामावर आहेत याचा हिशेब द्यावा. गिरण्यांचा हिशेब आपण पुष्कळ ठेवला. आता गावाचा ठेवू.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून कोवलम येथे राहतात.)